दगडावरचा शिपाई

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही, आमच्या डॉक्टरलाही नाही — आणि त्याला तर मी पोट साफ होत नाही इथपर्यंत सगळं सांगतो. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही समोर नाही. समोर असता तर मी उन्हाच्या गप्पा मारल्या असत्या. नागपुरात तो विषय कधी संपत नाही.

सुरुवात स्मारकापासून करतो. ते सोपं आहे. स्मारकाबद्दल बोलताना स्वतःबद्दल बोलावं लागत नाही — निदान थोडा वेळ तरी.

नंदनवनच्या अलीकडे, आमच्या वस्तीच्या चौकात, एक शहीद स्मारक आहे. तुम्ही तिथून गेला असाल तरी ते तुमच्या लक्षात राहिलं नसेल, आणि त्यात तुमची चूक नाही. चौकोनी चबुतरा, त्याला न्हाणीघरात लावतात तसल्या टाइल्स. मधोमध सिमेंटची बंदूक, उलटी रोवलेली, तिच्यावर सिमेंटचं हेल्मेट. नळी इतकी बारीक निघाली की आतली सळई दिसायला लागली, म्हणून वरून सोनेरी रंग फासला. आता दर ऑगस्टला फासतात. बाजूला फायबरची ज्योत आहे, तिच्यात लाल बल्ब. तिला अमर ज्योत म्हणतात. बल्ब गेला की दोन-तीन महिने ती अमर नसते. मागे काळा ग्रॅनाइट, त्यावर आमच्या भागातल्या पाच जवानांची नावं. आणि त्या दगडाहून मोठी पाटी — 'यांच्या सौजन्याने'. ज्यांच्या सौजन्याने, त्या गृहस्थांनी जन्मात दिवाळीचं टिकल्यांचं पिस्तूलसुद्धा धरलं नसेल.

सकाळी त्या चबुतऱ्यावर तर्री-पोह्यांच्या प्लेटा ठेवून लोक खातात. तर्रीचे लाल डाग टाइल्सवरून निघत नाहीत. पंधरा ऑगस्टला तिथेच हार येतात, आणि सगळे जण त्या बंदुकीला टेकून फोटो काढतात, चेहरे गंभीर करून. एकालाही पाच नावं पाठ नाहीत. मी विचारून पाहिलं आहे. एकाने चार सांगितली, त्यातलं एक नगरसेवकाचं होतं.

स्मारकाची समिती होती. अकरा जण. अध्यक्ष मंडप डेकोरेशनवाले, कारण खुर्च्या त्यांच्याच लागणार होत्या. एका बैठकीत दीड तास चर्चा झाली ती पाहुण्यांची खुर्ची बंदुकीच्या डाव्या हाताला ठेवायची की उजव्या, यावर. नावांवर चर्चा झाली नाही. नावांचं काय, ती सर बघतील. सर म्हणजे मी. वस्तीजवळच्या शाळेत तीस वर्षं मराठी आणि इंग्रजी शिकवली, तेव्हा मजकूर माझ्याकडे येणारच. कागदावर तसं लिहिलेलंही आहे — 'मजकूर : सर'. माझं नावसुद्धा लिहिलं नाही गाढवांनी.

तुम्ही म्हणाल, म्हातारा चिडका आहे. आहेच. पण थांबा. त्या सगळ्या बावळटपणात एकच गोष्ट अशी आहे जी बावळटपणाने झालेली नाही. ती समजून-उमजून झाली. आणि ती करणारा अकरा जणांतला सगळ्यात शिकलेला माणूस होता.

दगडावरची पाच नावं अशी उतरतात — सुभेदार, हवालदार, नायक, नायक, आणि तळाला शिपाई संदीप नामदेव. पुढे आडनाव. ते इथे लिहीत नाही.

शिपाई. या शब्दात चूक काही नाही. फौजेत पहिल्या पायरीवर असतो त्याला मराठीत शिपाईच म्हणतात. शब्दकोश माझ्या बाजूने आहे. पण तुम्ही मराठी माणूस आहात ना? मग सांगा, आमच्या वस्तीत 'शिपाई' म्हटल्यावर कुणाच्या डोळ्यांपुढे रायफल येते? स्टूल येतं. दाराबाहेरचं स्टूल, घंटा, पाण्याचा ट्रे. आणि संदीपचा बाप नामदेव हा आमच्या शाळेत शिपाई होता. म्हणजे दगड वाचणारा प्रत्येक जण काय वाचणार? बाप शिपाई, पोरगा शिपाई. हे मला कळत नव्हतं? शब्दाचा अर्थ कोणता आणि शब्द बोचतो कुठे, हे मी तीस वर्षं पोरांना शिकवत होतो.

आता नामदेवबद्दल सांगायला हवं. मी टाळतो आहे.

आमच्या शाळेत दोन नामदेव होते. दोघेही शिपाई. एक नोकरीत कायम होता, दुसरा हंगामी. नागपुरी शाळेतलं बारसं — एक पक्का नामदेव, एक कच्चा नामदेव. शिक्षक तसं म्हणत, मुलं तसं म्हणत, कच्चा नामदेव, म्हणजे संदीपचा बाप, स्वतःही फोनवर तसंच सांगे. अकरा वर्षं तो कच्चा होता. शेवटी त्याच्या कायम होण्याचा अर्ज मी लिहून दिला. चांगला लिहिला होता. तो मंजूर झाला, आणि त्या दिवसापासून नामदेवच्या लेखी माझ्या अक्षरात काहीतरी होतं. मी लिहिलं की होतं, असं त्याला वाटायचं. मला ते आवडायचं. कुणाला आवडणार नाही?

संदीप माझ्या वर्गात होता. हाताने चपळ, डोक्याने बरा, शुद्धलेखनात दिव्य. एकदा वही न आणल्याबद्दल मी त्याला उभं केलं आणि म्हणालो, तू शिपाईच होणार. वर्ग हसला. मास्तरला वर्ग हसवण्यासारखं सुख नाही, तेव्हा मीही हसलो. नेमका त्याच वेळी नामदेव सूचनेची वही घेऊन दारात उभा होता. हसणं थांबेपर्यंत तो दारातच थांबला. मग आत आला, वही पुढे केली. मी सही केली. तो गेला. बस, एवढंच.

हा माझा गुन्हा आहे असं समजू नका. असं बोलणारे मास्तर शाळोशाळी सापडतील. गुन्हा पुढे आहे.

संदीप फौजेत गेला. दोन-तीन वर्षांनी पंधरा ऑगस्टला सुट्टीवर आला होता. शाळेचं झेंडावंदन हे माझं खातं — दोरी मी बांधायचो, आज्ञा मी द्यायचो, बावीस वर्षं. त्या साली मुख्याध्यापकांना देशप्रेमाचा झटका आला. झेंडा जवानाच्या हस्ते. जवानाच्या वडिलांना पहिल्या रांगेत खुर्ची. मला दुसरी रांग. आणि झेंडावंदन झाल्यावर मुख्याध्यापक मागे वळून मला म्हणाले, जरा पाणी सांगा कुणाला तरी. सांगणार कुणाला? पक्का नामदेव गावी गेला होता आणि कच्चा नामदेव खुर्चीवर होता. ट्रे मी आणला. नामदेव धडपडून उठायला लागला, मुख्याध्यापकांनी त्याला खांद्याला धरून बसवलं. मी त्याच्यापुढे ट्रे धरला. त्याने ग्लास घेतला, पण प्यायला नाही. हातात धरून बसला.

मग संदीप आला, माझ्या पाया पडला आणि मोठ्याने म्हणाला, "सर, तुमी म्हटलं होतं ना शिपाई होईन म्हणून? झालो." सगळे खो-खो हसले. तो टोमणा होता की माया, ते मला आजही सांगता येत नाही. बहुतेक मायाच असावी. पोरगा साधा होता. पण माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते थांबलं नाही.

जात आली का यात? आली. ती नव्हती असं लिहिलं तर पुढचं सगळं खोटं ठरेल. नामदेवच्या आजोबांनी याच शहरात दीक्षा घेतली. माझे आजोबा महाल भागातल्या आमच्या माडीवर बसून तेव्हा काय बोलले, ते आमच्या घरात अजून हसत-हसत सांगतात. मी स्वतःला त्यांच्याहून वेगळा समजत आलो. भाषणं दिली आहेत मी समतेवर, चौदा एप्रिलला, हार घालून. पण माझ्या हातात ट्रे होता आणि खुर्चीत तो होता — आणि माझ्या आजोबांचं सगळं रक्त माझ्या कानांत चढलं. माणूस किती पुस्तकं वाचतो, आणि शेवटी एका पाण्याच्या ग्लासावर उघडा पडतो.

पुढच्या हिवाळ्यात संदीप गेला. गस्तीवर असताना बर्फाचा कडा खाली आला. पेटी वस्तीत आणली तेव्हा पाय ठेवायला जागा नव्हती. फ्लेक्स लागले — 'वीर जवान', आणि जवानाच्या फोटोपेक्षा मोठे चार पुढाऱ्यांचे. मीही गेलो. रडलो. खरं रडलो, नाटक नव्हतं. रडणाऱ्या माणसाच्या आतसुद्धा काय काय शाबूत असतं, हे तुम्हाला माहीत नसेल तर तुम्ही सुखी आहात.

दोन वर्षांनी स्मारक ठरलं. मजकूर माझ्याकडे आल्याचं कळलं तसा नामदेव घरी आला. तेव्हा तो निवृत्त झाला होता. फाटकाशीच उभा राहिला, आत बसत नाही तो कधी. प्लास्टिकच्या पिशवीतून एक पत्र काढलं. संदीपच्या पलटणीकडून आलेलं, इंग्रजीत. म्हणाला, "सर, त्याले फीत भेटली होती. त्यानं फोनवर सांगतलं होतं मले. थे दगडावर येईन काय? शिपाई नोका लिहू, सर. लोकं मलेच समजतीन."

त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलं, बघा. शिपाई लिहू नका, लोकांना वाटेल की मीच. तीस वर्षं मराठी शिकवणाऱ्याला जे मांडायला परिच्छेद लागला असता, ते त्याने फाटकाशी उभ्या-उभ्या सांगितलं.

मी पत्र वाचलं. सांत्वनाचं होतं, चार ओळींचं. आणि त्यात स्वच्छ लिहिलं होतं की संदीप महिनाभरापूर्वी लान्स नायक झाला होता. बाहीवर एक फीत. फार मोठा हुद्दा नाही, पण हुद्दा. शंका घ्यायला जागा नव्हती. मी इंग्रजीचाही मास्तर आहे.

आता सांगतो.

मी म्हणालो, "नामदेव, ही फीत कच्ची आहे. पक्की व्हायची होती. दगडावर कच्चं लिहिता येत नाही."

हे मला कसं सुचलं? मी आधीपासून ठरवलं होतं का? नाही. पण सुचलं ते नेमकं हेच सुचलं. दुसऱ्या कुठल्याही माणसाने विचारलं असतं, असं कसं? कुठे लिहिलंय? दुसरीकडे दाखवलं असतं. पण जो माणूस अकरा वर्षं कच्चा राहिला त्याला हे पटायला काय वेळ लागतो? सरकारात असंच असतं, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? मी खोटं बोललो नाही नुसतं, मी त्याच्या मापाचं खोटं शिवून त्याला दिलं.

तो बराच वेळ पत्राकडे बघत राहिला. इंग्रजी वाचता येत नसताना. मग विचारलं, "किती दिवस राहिले होते, सर?"

मी म्हणालो, थोडेच.

हे 'थोडेच' कशाला बोललो? पहिलं खोटं तरी द्वेषाचं होतं, त्याला काही कारण होतं. हे दुसरं निव्वळ सवयीचं. गृहपाठ तपासताना मास्तर बोलतो ना — थोडक्यात राहिलं. तसं.

पत्र तो माझ्याकडेच ठेवून गेला. घरी उंदीर आहेत म्हणाला.

दगड कोरणाऱ्याने नावं पुन्हा एकदा तपासून मागितली, कारण ग्रॅनाइटवर खोडता येत नाही. मी तपासली. ऱ्हस्व-दीर्घ पाहिलं. शिपाईतला 'पा' नीट आला आहे ना, तेही पाहिलं. अनावरणाला निवृत्त फौजी अधिकारी आले होते, त्यांनी मी टाइप करून दिलेली यादी वाचली. अध्यक्षांनी टाळ्या वाजवायला सांगितलं, लोकांनी वाजवल्या. एवढ्या मोठ्या वस्तीत, एवढ्या पदवीधरांत, एकालाही वाटलं नाही की ते पत्र मागून बघावं. पोरामागे नामदेवला मिळणाऱ्या पेन्शनच्या कागदांवरही खरा हुद्दा इंग्रजी आद्याक्षरांत असणारच. त्याची लेक तिकडे चंद्रपूरला, तिनेही पाहिले नसतील. कशाला पाहतील? सरांनी पाहिलं होतं ना.

मला वाटलं, संपलं. जिंकलोही वाटलं, खोटं कशाला बोलू? दोनेक आठवडे चौकातून जाताना मान ताठ असायची. मी म्हटलं होतं शिपाई होशील. दगडावर आहे.

मग कानावर यायला लागलं. नामदेव स्मारकापाशी बसायला लागला होता. सकाळी फडकं आणून दगड पुसायचा, आणि कुणी थांबलं की सांगायचा — माझा पोरगा पक्का व्हायचा होता, थोडेच दिवस राहिले होते. दुधवाल्याला सांगायचा, पोहेवाल्याला सांगायचा, शाळेच्या पोरांना सांगायचा. पोरगा मेल्याचं दुःख तो गप्प राहून भोगत होता. पण पोरगा थोडक्यात हुकला, हे त्याला सहन होत नव्हतं. बर्फ आठ दिवस उशिरा पडला असता तर — असं तो म्हणे. म्हणजे मी त्याच्या पोराला दुसऱ्यांदा मारलं, आणि या वेळी तारीखही लावून दिली.

लोक त्याला हसत. माणसांची ही जात मला ठाऊक आहे. तोंडावर "हो काका", आणि तो वळला की डोळा. मी त्यांना मनातल्या मनात शिव्या घालायचो. फार तिरस्कार यायचा मला त्यांचा. कशाच्या जोरावर, सांगा?

मग एके दिवशी सकाळी दहाच्या सुमारास तो पुन्हा फाटकाशी आला. केस भादरलेले, शर्ट इस्त्रीचा. म्हणाला, "सर, मी अकरा वर्सं कच्चा होतो. तुमी अर्ज लिहून देल्ला अन् मी पक्का झालो. त्याचाबी एक लिहून द्या ना. मेल्यावर पक्कं नाही करत काय?"

तेव्हा सांगता आलं असतं. पत्र आत टेबलाच्या खणात होतं. काय लागणार होतं — दहा पावलं चालणं आणि एक वाक्य. दगड बदलता आला असता, मी गप्प राहिलो तरी पत्र बोललं असतं. वस्तीत माझी छी-थू झाली असती, झाली असती तर झाली असती. मी साठी उलटलेला माणूस, मला कुणी काय फाशी देणार होतं?

मी म्हणालो, लिहू या.

आणि लिहिला. आतून पॅड आणलं, फाटकाच्या खांबावर ठेवून लिहिला. 'माननीय महोदय, सविनय विनंती अर्ज'. जो हुद्दा संदीपला मिळालेला होता तोच मिळावा म्हणून मी त्याच्या बापाच्या नावाने विनंती लिहिली. त्याने खाली सही केली, पूर्ण नाव, जोडाक्षराशी थांबून. मी पोस्टात टाकतो म्हणालो. टाकला नाही. टाकला असता तर उत्तर आलं असतं.

तेव्हापासून तो येतो. महिन्यातून एकदा, कधी दोनदा. फाटकाशी उभा राहून विचारतो, उत्तर आलं काय. मी म्हणतो, अजून नाही. तो म्हणतो, बरं. रागावत नाही, ओरडत नाही. सरकारात वेळ लागतो हे त्याला माहीत आहे, त्याला तर अकरा वर्षं लागली होती. बायको आतून म्हणते, किती करता हो तुम्ही त्या बिचाऱ्यासाठी. वस्तीतही माझं नाव झालं आहे — सर अजून त्याच्यासाठी झगडतात म्हणून. गेल्या वर्षी समितीने माझा सत्कार केला, त्याच चबुतऱ्यावर, त्याच बंदुकीपुढे. शाल दिली. मी ती घेतली. नामदेव पुढच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होता.

मागे एकदा मी त्याला म्हणालो, सोडून दे आता नामदेव, काही होणार नाही. हे मात्र मनापासून म्हणालो, त्याच्या फेऱ्या मला असह्य झाल्या होत्या. तो हसला. म्हणाला, "इतके दिवस लागून राहिले म्हंजे इचार चालू असन, सर. नाही तं म्हटलं नाही ना त्याईनं."

नाही, मी म्हणालो. नाही म्हटलेलं नाही.

त्यावर त्यानेच सुचवलं की एक स्मरणपत्र टाकावं. शाळेच्या ऑफिसात वावरलेला माणूस, स्मरणपत्र हा शब्द त्याला माहीत होता. मी लिहिलं. पुढल्या वर्षी दुसरं लिहिलं. मग तिसरं, चौथं. संदर्भ क्रमांक घालतो, मागच्या अर्जाचा उल्लेख करतो, कुठे काना-मात्रा चुकू देत नाही. त्याला मोठ्याने वाचून दाखवतो, तो सही करतो, मी ते आत नेतो.

परवा पाचवं लिहिलं. त्याला आता उभं राहवत नाही. पहिल्यांदाच ओट्यावर बसला, आणि मीच त्याला पाणी आणून दिलं. या वेळी प्यायला. मी पत्र वाचून दाखवलं — सुरुवातीपासून 'आपला नम्र' पर्यंत. तो डोळे मिटून ऐकत होता. संपल्यावर म्हणाला, "साजरं लिहिलं, सर."